नेमकी गुंज

कोंडीराम झारेकऱ्याचा उजवा हात थरथरतो, हे सगळ्यांत आधी सुभद्रेला कळलं, आणि कळूनही ती दोन महिने गप्प राहिली. भाकरी मोडताना तुकडा ताटाबाहेर पडे. विडी पेटवताना काडी विझे. मग ती दुसरी काडी ओढून त्याच्यापुढे धरी आणि तोंड दुसरीकडे फिरवी, म्हणजे त्यानं तिच्याकडे बघायला नको.

दोघं साताऱ्याकडची. सोनारांच्या पेढीतली झाडलेली धूळ विकत घ्यायची, जाळायची, कुटायची, धुवायची आणि कानशीखालून उडालेला, मुशीच्या कडेला चिकटलेला सोन्याचा कण न् कण तिच्यातून बाहेर काढायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. वीस वर्षांपूर्वी गिरगावात येऊन फणसवाडीच्या मागल्या चाळीत त्यांनी तळमजल्याची खोली घेतली ती याच धंद्याच्या आधारावर. गंगाधरअप्पांची पेढी दोन गल्ल्या सोडून. तिथली धूळ कोंडीरामची आणि जवळच्या दोन लहान पेढ्यांचीही त्याचीच. आठवड्याची धूळ रविवारी धुतली की मासा, कधी सव्वा मासा सोनं निघे. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. तोळा त्या घरात कधी कुणी पाहिला नव्हता. त्यांचा सगळा संसार गुंजांवर चाले. काळ्या डोळ्याच्या लाल गुंजा कोंडीरामच्या बापानं पसाभर बियांतून निवडल्या होत्या. आठ मिळून बरोबर एक मासा भरेल अशा आठच. त्या एका डबीत, आणि शेजारी शिंगाच्या पारड्यांचा हातकाटा.

पंचावन्न सालच्या दसऱ्याच्या आधीचा रविवार. नळाला पाणी होतं तोवर धुणं उरकायचं म्हणून कोंडीराम पहाटेपासून मोरीवर बसला होता. जाळून कुटलेली राख त्यानं परातीत घोळवून घोळवून उतरवली होती. हलकं ते पाण्याबरोबर गेलं, तळाशी काळा जड गाळ राहिला. लोहचुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा काढून झाला. आता त्यात पारा घालायचा, पाऱ्यानं बारीकसारीक सोनं धरलं की फडक्यातून पिळायचं आणि शेगडीवर पारा उडवून द्यायचा. पारा आणायला म्हणून तो परात घेऊन उठला आणि त्याच्या हाताला मनगटातून असा हिसका बसला, की परात कलंडली. गाळ मोरीच्या जाळीतून खाली गेला.

नळावर बायकांची रांग होती. कोंडीरामनं जाळी उपसली आणि कोपरापर्यंत हात गटारात घातला. ओंजळी भरभरून काढू लागला. शेवाळ, केसांचे गुंते, भाताची शितं, सगळं परातीत. हात थरथरत होता तो थरथरतच होता. ओंजळीतलं अर्धं परत गटारात सांडत होतं. रांगेतली एक बाई हसली. बहुधा दुसऱ्याच कशाला हसली असेल, पण कोंडीराम थांबला. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. सुभद्रेनं त्याला काखेत हात घालून उठवलं, धुऊन काढलं आणि खोलीत नेलं. मग ती एकटी परत आली, जाळीपाशी बसली आणि दुपारपर्यंत तो गाळ उपसत राहिली. दोन गुंजा हाती लागल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याचे हात पालथे धरायला लावले, हिरड्या बघितल्या, धंदा विचारला.

“पारा अंगात गेलाय,” तो म्हणाला. “वाफ ओढलीत इतकी वर्षं. आता पाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.”

“हात बरा हुईल ना?” सुभद्रेनं विचारलं.

“वाढायचा थांबेल. बरा किती होईल ते सांगवत नाही.”

 घरी आल्यावर कोंडीराम म्हणाला, “पाऱ्याला तू बी हात लावायचा न्हाई. एकाचं गेलं तेवढं रग्गड झालं.”

दोनच दिवसांनी अप्पांनी त्याला पेढीवर बोलावून घेतलं. सुभद्रा बरोबर होती. गादीसमोर गिऱ्हाईक बसलेलं होतं, कुणी बापलेक मुलीच्या पाटल्या बघायला आले होते. अप्पांनी हालहवाल विचारली, आणि मग गल्ल्यातून एक नोट काढून पुढे धरली. मनात वाईट काही नव्हतं. पण गिऱ्हाइकानं पाटल्यांवरची नजर उचलली आणि कोंडीरामच्या हातांकडे वळवली.

कोंडीरामनं हात पाठीमागे घेतले. “मला धूळ पायजे, अप्पा,” तो म्हणाला. “भीक नगं.”

आणि तो पायऱ्या उतरला. त्या दिवसापासून त्यानं त्या गल्लीत पाय ठेवला नाही.

दसरा गेला. लहान पेढ्यांनी आपली धूळ दुसऱ्या ठेकेदाराला देऊन टाकली. थरथरत्या हाताच्या माणसाचा काय भरवसा, असं त्यांना वाटलं असेल. अप्पांकडेही तो ठेकेदार जाऊन आला, जास्त देतो म्हणाला. हे सुभद्रेला हेमचंद्रानं सांगितलं. हेमचंद्र हा अप्पांचा जुना कारागीर, रत्नागिरीकडचा, सडसडीत आणि तोंडानं फटकळ.

“अप्पा काय म्हनले?” तिनं विचारलं.

“काय म्हणणार? धूळ दिलेली आहे म्हणाले. झालं.”

लालबागेत दिलेली त्यांची मुलगी मंजुळा येऊन रडून गेली. नवरा गिरणीत, खोली एक, तरी म्हणत होती, दोघं आमच्याकडे या. कोंडीराम भिंतीला टेकून म्हणाला, “जावयाच्या उशाशी निजू व्हय?” मंजुळा गेली. मग सुभद्रेनं पदर खोचला आणि अप्पांच्या पेढीची केरसुणी हातात घेतली.

रोज सकाळी पेढी उघडताना ती जाई. कारागिरांच्या बैठका उचलायच्या, चटया झटकायच्या, फटींतून कुंचा फिरवायचा, मुशींच्या कपच्या, विझलेले कोळसे, सगळं गोळा करून दाराआडच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. डबा आठवडाभर पेढीतच असे, शनिवारी ती तो घरी नेई. काम तिला नवं नव्हतं, पण आजवर तिनं राख कुटली होती, पाणी ओतलं होतं. शेवटचा हात कोंडीरामचा असे. परात कशी तिरपी धरायची, पाणी कधी सोडायचं, ते आता तो उंबऱ्यात बसून सांगे.

“हळू. हळू. पाण्याला जाऊ दे आपल्या वाटंनं. तू ढकलू नगं.”

तिचे खांदे भरून येत. गुडघ्यांखाली पोतं घेऊनही मोरीचा दगड टोचे. राखेच्या पाण्यानं बोटांची टोकं फाटली, तिथं रात्री ती तेल लावी. आणि इतकं करून, पाऱ्याशिवाय, बारीक सोनं पाण्याबरोबर निघून जाई. डोळ्यांना दिसे, पिवळी झाक पाण्यावर यायची आणि जायची. दिवाळीच्या आधी पेढीची वर्षाची मोठी झाडलोट झाली. दरसाल त्या धुळीत तीन मासे सोनं निघत असे. तिच्या हाताला सव्वा मासा लागला.

काट्याची दोरी तिनं चिमटीत धरली होती. कोंडीराम पारड्यांकडे बघत होता.

“ऱ्हायलं ते गेलं,” तो म्हणाला. “तुझा दोष न्हाई.”

तिला वाटलं, त्यानं रागावायला हवं होतं.

दिवाळी झाली. पाडव्यानंतरचा पहिला रविवार. तिनं धुणं उरकलं आणि तळाचा गाळ पसरला, तर त्यात तारेचे तुकडे. तिळाएवढे, स्वच्छ पिवळे, सात तुकडे. धुळीत सोनं कसं असतं ते तिला ठाऊक होतं. काळवंडलेलं, जोड द्यायच्या डागाला चिकटलेलं, कोळशात अडकलेलं. हे तर आताच कापल्यासारखं. चिमट्यानं तिनं ते वेगळे काढले आणि काट्यात टाकले. दुसऱ्या पारड्यात एक गुंज. काट्याची जीभ सरळ उभी राहिली.

“सणाच्या घाईत सांडलं असंल,” कोंडीराम म्हणाला. त्याचा चेहरा पुष्कळ दिवसांनी जरा सैल झाला होता. “बघ, तुझ्या हाताला गुण हाय.”

एका गुंजेत तेव्हा त्या दोघांचा तीन-चार दिवसांचा तांदूळ येई. सुभद्रेनं देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सबंध मुंबईत हरताळ पडला. महाराष्ट्राला मुंबई मिळाली पाहिजे म्हणून गिरणीतली माणसं लोटच्या लोट फोर्टकडे गेली, आणि संध्याकाळी गोळीबाराची बातमी चाळीत आली. मंजुळाचा नवरा मोर्च्यात गेला होता, तो सुखरूप परतल्याचं कळेपर्यंत सुभद्रा दारातून हलली नाही. त्या आठवड्यात पेढी तीनच दिवस धड चालली. डब्यात धूळ निम्मी. धुतल्यावर सोनंही निम्मंच निघालं. पण तारेचे तुकडे होते. या वेळी पाच, जरा लांबट. तिनं तोलले. एक गुंज.

तिसऱ्या रविवारी नऊ तुकडे, बारीक. एक गुंज.

चौथ्या रविवारी तिनं काटा खाली ठेवला, पारडी पुसली, आपल्या आठ गुंजांतली दुसरी घेऊन पुन्हा तोललं. एक गुंज. तीत कमी नाही, जास्त नाही.

ती मोरीच्या दगडावर बसून राहिली. धुळीतलं सोनं कधी असं येत नाही, हे वीस वर्षांत तिला न शिकता कळलं होतं. धुळीला माप नसतं. एका आठवड्याला पाच गुंजा, एकाला साडेसहा, एकाला चारच. हे कुणीतरी कापून, तोलून डब्यात टाकत होतं.

कोण टाकत होतं, हा विचार आल्याबरोबर तिनं तुकडे मुठीत झाकले. पेढीवर चार कारागीर. त्यांतला कुणी तिची दया येऊन मालकाचं सोनं धुळीत सोडत असेल, तर ती चोरीच होती, आणि ती चोरी महिनाभर तिच्या चुलीवर शिजत होती. बोलावं, तर त्या माणसाची भाकरी जाईल. न बोलावं, तर कधी ना कधी उघडकीला येईल, आणि अप्पा म्हणतील, कोंडीरामच्या घरानं वीस वर्षांनी हे केलं. कोंडीरामला सांगावं, तर तो त्याच पावली धूळ सोडून देईल. मग गावाकडे जाणं आलं, आणि गावाकडे आता होतं काय.

म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. तुकडे मात्र त्या रविवारपासून मोडायला नेले नाहीत. एका चिंधीत, दर रविवारची वेगळी गाठ मारून, तांदळाच्या डब्यात ठेवले. तीन दिवसांच्या तांदळाची तोंडमिळवणी तिनं आपल्या ताटातून केली. आणि एक केलं. लहानपणी बापाकडे ओढ्यावरची वाळू धुताना घोंगडीचा तुकडा अंथरत, ते तिला आठवलं. तिनं जुनी घोंगडी फाडली, फळीवर ताणून बसवली, फळी तिरपी लावली आणि परातीतून उतरलेलं पाणी तिच्यावरून सोडलं. पाणी गेलं, पण लोकरीच्या केसांत पिवळी झाक अडकून राहिली. घोंगडी वाळवून जाळली, राख धुतली, तर दोन गुंजा जास्त.

कोंडीराम उंबऱ्यातून उठून आला आणि वाकून बघत राहिला.

“पाऱ्याबिगर?”

“पाऱ्याबिगर.”

“माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई गं हे?” तो म्हणाला. मग आपल्या हातांकडे बघत राहिला.

जानेवारीच्या मध्यावर रेडिओवर सांगितलं, की मुंबई महाराष्ट्रात जाणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. त्या रात्रीपासून गिरगाव पेटलं. ठाकुरद्वारला दगड, अश्रुधूर, मग गोळ्या. संचारबंदी लागली. चाळीची दारं आतून बंद. नळावर जायचं तरी बायका दोघी-दोघी मिळून जात. आठवडाभर अप्पांच्या पेढीची फळी उघडली नाही. सुभद्रेच्या घरातला तांदूळ संपला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या नलूताईंनी न मागता पायलीभर आणून उंबऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, “उद्या माझ्याकडचं संपेल तेव्हा मी येईन.” त्या पाठारे प्रभू, कचेरीतल्या माणसाची बायको. एरवी जिन्यात हसण्यापलीकडे बोलणं नव्हतं. त्या दिवसांत सगळी चाळच तशी झाली होती.

पेढी उघडली ती शुक्रवारी. शनिवारी डबा नेला तेव्हा तळाला जेमतेम मूठभर धूळ. दीड दिवसाची. सुभद्रेनं ती धुतली. सोनं पाऊण गुंज. तारेचे तुकडे मात्र पुष्कळ दिसले. तिनं तोलले. दोन गुंजा. बंद गेलेल्या आठवड्याचीही टाकलेली होती.

आता तिला राहवेना. सोमवारी सकाळी ती चिंधी कनवटीला लावून पेढीवर गेली, आणि झाडताना हेमचंद्र एकटाच आधी आलेला बघून तिनं विचारलं.

“दादा, एक इचारू? धुळीत तारेचं तुकडं येत्यात. तुमी टाकता का?”

हेमचंद्राच्या हातातली कानस थांबली. “काय बोलतेस तू? कसले तुकडे?”

“सोन्याचं. नेमानं. तुमी माझ्यासाठी करत असाल तर पाया पडते, पर करू नका.”

“अगो बाये,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “मला तुरुंगात घालतेस काय? रोज संध्याकाळी अप्पा आमच्याकडून सोनं तोलून घेतात. सकाळी दिलं किती, दागिन्यात गेलं किती, कीस किती. अर्धी गुंज कमी आली तर मला घरी झोप नाही. आणि तोलून टाकायला माझ्याकडे काटा आहे कुठे? पेढीत काटा एक. तो अप्पांच्या पेटीत. किल्ली त्यांच्या जानव्याला.”

बोलता बोलता तो थांबला. त्यानं सुभद्रेकडे बघितलं. सुभद्रेनं त्याच्याकडे. मग हेमचंद्र कानस उचलून कामाला लागला आणि मान वर न करता म्हणाला, “मला काही माहीत नाही. मी काही ऐकलं नाही.”

ती तशीच केरसुणी घेऊन उभी राहिली. दोन महिन्यांची भीती एकदम सुटली. चोरी नव्हतीच.

अप्पा आले. धोतराचा सोगा सावरत गादीवर बसले, काट्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. सत्तरीच्या आतबाहेरचा माणूस, पाठीत वाकलेला, भिंगाच्या काचेनं एका डोळ्याभोवती कायमचा वळ पडलेला. सुभद्रा पायरीखाली उभी राहिली. चिंधी सोडून तिनं गादीच्या कडेवर ठेवली.

“अप्पा, ह्यात आठ गुंजा हायत. आधीच्या तीन खाल्ल्या आमी, तवा ठावं नव्हतं.”

अप्पांनी चिंधीकडे बघितलं. ते ओशाळले. म्हातारा माणूस ओशाळतो तेव्हा बघवत नाही. त्यांनी भिंग उगाचच पुसलं.

“तुला कसं कळलं?”

“नेमकी गुंज येती. धुळीत नेमकं कधी येत न्हाई.”

“मूर्खपणा झाला माझा,” अप्पा म्हणाले. “हात सैल सोडून टाकायला हवं होतं. पण न तोलता सोनं हातातून जातच नाही. साठ वर्षांची सवय.”

“कुनाचं सोनं हे?”

“माझंच. अंगठी होती, सहा माशांची. पेढीच्या हिशेबातलं नव्हे. तार ओढून ठेवली. अठ्ठेचाळीस गुंजा. म्हटलं, वर्षभर तरी निघेल, तोवर तुझा हात बसेल.”

 मग अप्पा हळू बोलले, मागे कारागिरांना ऐकू जाऊ नये असं.

“देवांच्या भांड्यांना मुलामा द्यायचं काम यायचं, आठवतं? चांदीवर सोनं पाऱ्यानं चढवायचं. माझ्या बापानं मला बजावलं होतं, पाऱ्याच्या धुराशी बसू नको. मी बसलो नाही. ते काम मी दरसाल कोंडीरामला दिलं. तो बसला. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून खुशीनं बसला, आणि मी त्याला काही सांगितलं नाही.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “त्या दिवशी नोट पुढे केली, तीही चारचौघांत. तो भीक म्हणाला ते बरोबरच म्हणाला. म्हणून मग धुळीत टाकत गेलो. धूळ तो घेईल असं वाटलं.”

“तुमी न्हाई म्हनला असता तर दुसऱ्या कुनी दिलं असतं काम, आन् ते बसलंच असतं,” सुभद्रा म्हणाली. “दसऱ्यापासनं कुनी दार उघडं ठेवलं आमाला? तुमीच ठेवलं. पाऱ्याचं तुमी मनात धरू नका अप्पा. पर हे मी घरात सांगनार.”

“नको सांगूस. येणार नाही तो परत. धूळही सोडेल.”

“सोडली तर सोडली. त्यास्नी न सांगता मला घास उतरायचा न्हाई.”

अप्पांनी चिंधी उचलून तिच्या हातात परत दिली. ती तिनं घेतली. घरापर्यंत दोन गल्ल्यांचं अंतर, पण तिला ते चालवेना. वाटेत एका ओट्यावर ती टेकली, पदरानं डोळे पुसले आणि मग उठली.

कोंडीराम उंबऱ्यात उन्हाला बसला होता. तिनं त्याच्यासमोर बसकण मारली आणि पहिल्या सात तुकड्यांपासून सगळं सांगितलं. हेमचंद्र काय म्हणाला ते, अंगठीचं, मुलाम्याचं, काही मागे ठेवलं नाही. सांगताना ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. जबडा आवळत गेला.  समोरच्या भिंतीवर कुणी कोळशानं ‘मुंबई आमची’ असं लिहिलं होतं, त्या अक्षरांकडे तो बघत राहिला.

“नेमकी गुंज?” शेवटी त्यानं विचारलं.

“नेमकी.”

“काटा आन.”

तिनं काटा आणला. चिंधी सोडून कालच्या रविवारचे तुकडे एका पारड्यात टाकले, दुसऱ्यात दोन गुंजा. दोरी चिमटीत धरली. पारडी झुलली, मग थांबली, आणि जीभ सरळ झाली. कोंडीरामनं मान पुढे काढून ती जवळून बघितली. पुन्हा एकदा तोलायला लावली.

“बंद आठवड्याची बी?”

“बंद आठवड्याची बी.”

तो मागे टेकला. जबडा सुटला होता.

“भीक तोलून देत न्हाई कुनी,” तो म्हणाला. “मूठ उघडत्यात आन् टाकत्यात. तोलून देत्यात ते देनं.” मग म्हणाला, “आन् मी त्या मानसाच्या पेढीवर तीन म्हयनं थुकलो न्हाई.”

त्याचे डोळे भरले होते. हात मांडीवर उडत होते. ते लपवायचं तो विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याआधी उठला. पटका बांधायला घेतला, तो दोनदा सुटला, तिसऱ्यांदा तिनं बांधला.  गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय जड झालेले तिला कळले, पण तो थांबला नाही. पेढीची फळी नुकतीच उघडली होती. अप्पा उदबत्ती लावत होते. त्यांनी मान वर केली आणि काडी तशीच बोटांत धरून राहिले.

कोंडीरामनं सुभद्रेच्या हातातली केरसुणी घेतली. दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि कोपऱ्यापासून झाडायला लागला. केरसुणी वेडीवाकडी जात होती. झाडलेलं परत पसरत होतं. हेमचंद्रानं पाय वर घेऊन जागा करून दिली आणि नजर आपल्या कामातून काढली नाही.  पेढी झाडायला सुभद्रेला जेवढा वेळ लागे त्याच्या तिप्पट लागला. तिनं मध्ये हात घातला नाही. सगळी धूळ डब्यात गेली, मग तो पायरीवर येऊन उभा राहिला. कपाळावर घाम होता.

“वर बस,” अप्पा म्हणाले.

“हितंच बरा हाय.”

“कोंडीराम, वर बस.”

तो गादीच्या कडेला बसला. सुभद्रा दाराशी. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आला, कपबशांतून, सगळ्यांना. कोंडीरामच्या पुढ्यात ठेवलेला कप तसाच राहिला. त्यानं हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“बाकीची तार ऱ्हाऊ द्या, अप्पा,” तो म्हणाला. “धुळीत टाकू नका. हिला घोंगडीनं जमाया लागलंय. कुठं अडलंच, तर मी येऊन मागीन.”

“मागशील?”

“मागीन. तुमच्याकडं मागायला मला आता काय न्हाई वाटायचं.”

अप्पांनी मान हलवली. मग ते गुडघ्यांवर हात टेकत गादीवरून उठले, कण्हत कोंडीरामच्या शेजारी येऊन बसले आणि त्याच्या कपातला थोडा चहा बशीत ओतला. फुंकर मारली. बशी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या ओठांशी धरली.

कोंडीराम मागे सरला. “काय करताय अप्पा. सांडंल, तुमचं धोतर.”

“सांडू दे.”

मागे कानशीचा आवाज थांबला होता. कोंडीरामनं एकवार सुभद्रेकडे बघितलं. तिनं काही खूण केली नाही, नुसती बघत राहिली. मग त्यानं मान पुढे केली आणि चहा प्यायला. थोडा हनुवटीवरून ओघळला, तो अप्पांनी उपरण्यानं टिपला. बशी रिकामी झाली.

“आजून हाय का?” कोंडीरामनं विचारलं.

अप्पांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला.